आजाराचं दूध

रविवार, ९ फेब्रुवारी १९९७

दूध संघाची ही डायरी सभासदांना फुकट मिळते. दरवर्षी आत्याबाई तिची पानं फाडून हळद-तिखटाच्या पुड्या बांधतात. यंदा मी आधीच उचलून तांदळाच्या डब्यामागं ठेवली. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाचता येत नाही. ज्यांना येतं ते माझे यजमान फौजेत आहेत आणि वर्षातून एकदा रजेवर येतात. तेव्हा इथं मला हवं ते लिहिता येईल. साताऱ्याला कॉलेजात होते तेव्हा रोज लिहायची. लग्न होऊन कोरेगावजवळच्या या गावात आले आणि लिहिण्यासारखं काही घडेनासं झालं. आता घडलंय.

माझी नणंद सुला गेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. मुलगा झाला, सगळं नीट झालं. पाचवी पुजली त्या दिवशी थंडी वाजून ताप भरला तो उतरलाच नाही. माझ्याहून चार वर्षांनी लहान होती आणि मी तिला अहोजाहो करते यावरून माझी टिंगल करायची. तिचा नवरा लालासाहेब कडेगावचा, घरचा ऊस. दिवसकार्य उरकून ती मंडळी गेली. बाळाला इथंच ठेवलं, कारण तिकडं लालासाहेबांची आई गुडघ्यांनी बसून आहे. बारसं राहूनच गेलं. मी त्याला गुंडा म्हणते.

लग्नाला सहा वर्षं झाली, मला मूल नाही. बायका आधी माझ्या पोटाकडं बघतात, मग तोंडाकडं. हे महिना-दीड महिना येतात, त्यातले निम्मे दिवस पाहुण्यात आणि शेतात जातात, हे कुणी धरत नाही. दोष पोटाचा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

गुंडा बाटली तोंडात धरत नाही. गायीचं दूध पाणी घालून दिलं, शेळीचं दिलं, कोरेगावहून पावडरचा डबा आणला. दोन घोट घेतो, ओकतो आणि रडत सुटतो. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून पडून असतात. लेक गेली त्यांची, त्यांना काय बोलायचं.

शेजारच्या तानुबाई आल्या तेव्हा मी त्याला छातीशी घट्ट धरून फेऱ्या मारत होते. त्यांनी तो हातातून काढूनच घेतला.

"आवं साळूबाई, सुनंला सांगा की. जिची कूस उजवली न्हाई तिनं तान्ह्याला असं उराशी धरू न्हाई. लेकरू सुकतं."

आत्याबाई भिंतीकडूनच म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं?"

ऐकलं. तानुबाईंनी त्याला जरा वेळ हलवलं, जोजवलं, आणि कान किटल्यावर परत माझ्याच मांडीवर टाकून गेल्या.

शनिवार, १५ फेब्रुवारी

लिहू की नको असं सकाळपासून चाललंय. काल आत्याबाई परसात होत्या. गुंडा रडून रडून निळा पडायला आला होता. मी माजघराचं दार लोटलं आणि त्याला अंगाशी लावलं. नुसतंच, तोंडाला काहीतरी लागावं म्हणून. आत काही नाही हे मला माहीत, त्याला कुठं माहीत? त्यानं एवढ्या जोरानं ओढलं की मी ओठ चावला. मग तो गप्प झाला. डोळे मिटून चोखत राहिला आणि तसाच झोपला. जागा झाल्यावर चमच्यानं दूध दिलं तर मुकाट्यानं घेतलं.

त्याला फसवलं म्हणून वाईट वाटलं. पण तो झोपला होता तेवढा वेळ माझ्याइतकं सुखी गावात कुणी नव्हतं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आता हे रोजचं झालंय. रडला की दार लोटायचं, आधी उराशी, मग चमचा. गाल भरायला लागलेत. तानुबाईंची मला मनातून भीती वाटते, सुकतो की काय म्हणून रोज त्याच्या मांड्या चाचपते. सुकत नाही. आत्याबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "तुजा हात लागला त्येला." चमच्याची करामत समजतात. समजू देत.

गुरुवार, १३ मार्च

आज त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरं दिसलं. चमच्याचं असेल म्हणून पुसलं आणि मग आठवलं, चमचा तर अजून दिलाच नव्हता.

दार लावून स्वतः बघितलं. थेंब आला. पुसला, पुन्हा आला. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. देवीनं दिलं म्हणावं तर मुलाआधी दूध कसं दिलं? गडबडीत उलटं झालं असेल तिच्याकडून. मला चालतंय. गुंडा, तुला आता फसवत नाही रे मी.

बुधवार, २ एप्रिल

आत्याबाईंनी मला धरलं. मी भाकरी थापत होते, पाळण्यात गुंडा रडला आणि माझ्या ब्लाऊजवर दोन्हीकडं ओले डाग उमटले.

"ह्ये काय?"

"पाणी उडालं."

त्यांनी पुढं होऊन बोट लावलं, वास घेतला. एवढ्या वर्षांत त्यांचा असा चेहरा बघितला नव्हता.

"दोन म्हयनं तू भाईर बसली न्हाईस. मी म्हनलं, दुखात ध्यान न्हाई ऱ्हायलं. माझा जयराज दसऱ्याला गेला त्यो अजून न्हाई आला. मग ह्ये दूध कुनाचं? कुटं पाडून आलीस?"

मी देवाशपथ सांगितलं. गुंडाच्या डोक्यावर हात ठेवून सांगणार होते, तो हात त्यांनी झटकला.

त्याला पाजते हे अगदी ओठावर आलं होतं. पण सांगून काय झालं असतं? दूध मुळात आलं कुठून, हा प्रश्न उरतोच की. आणि वांझ बाईनं पाजलं हे कळलं की गुंडा उद्याच्या एस.टी.नं कडेगावला. म्हणून गिळून टाकलं. भाकरी करपली.

शुक्रवार, ४ एप्रिल

उद्या सांगली. साताऱ्यात ओळखीचे भेटतात म्हणून आत्याबाईंनी सांगली ठरवली. "डागदरीन बगंल आन सांगंल तू काय केलंस त्ये." मी काहीच केलेलं नाही. पण डॉक्टरीणबाई चुकल्या तर? चुकून 'पाडलंय' म्हणाल्या तर ह्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू?

शनिवार, ५ एप्रिल

कोरेगावहून सकाळच्या गाडीनं गेलो, संध्याकाळी परत. गुंडा बरोबर होता, तो दुसऱ्या कुणापाशी राहतच नाही.

मॅडम बऱ्या वाटल्या, पण बाहेर बायकांची रांग. मला काही विचारलं की उत्तर आत्याबाई देत होत्या. मूल? "न्हाई." कधी दिवस राहिले होते? "त्येच इचाराय आलोय." पित्ताच्या, डोक्याच्या, झोपेच्या गोळ्या घेते का? "न्हाई." मला तोंड उघडायची वेळच आली नाही. मग आत नेऊन तपासलं आणि बाहेर येऊन मॅडम म्हणाल्या, "आजी, हिला कधी दिवस गेलेलेच नाहीत."

"मग दूध?"

"आजार असतो असा. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. ती प्रोलॅक्टिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या रक्तात ते जास्त असतं, ते बरोबर. पण हिच्यासारखीच्या रक्तात वाढलं तर मूल नसताना दूध येतं, पाळी थांबते, दिवस राहत नाहीत. रक्त तपासलं की आकडा कळेल."

मग त्यांचं लक्ष आत्याबाईंच्या मांडीवरच्या गुंडाकडं गेलं. आत्याबाईंनी सुलाचं सांगितलं आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय देता ह्याला?" "बाटली, चमचा." "भांडी उकळून घेत जा."

गाडीत आत्याबाई पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "आकडा आला तर इस्वास ठिवीन."

म्हणजे आता देवाकडं काय मागायचं? आजार असू दे, असं. मागितलं. मोठा आकडा येऊ दे म्हणून नवस बोललेली बाई साऱ्या जिल्ह्यात मी एकटीच असेन.

सोमवार, ७ एप्रिल

रक्त दिलं. उपाशीपोटी या, पाणी चालेल, चहा नको, असं सांगितलं होतं. मी पाणीही प्यायले नाही, उगीच चूक नको. लॅबमधला माणूस म्हणाला, "अर्धा तास शांत बसा. मनाला ताण असला की आकडा चढून येतो."

शांत कसली बसते? गुंडा गाडीपासून किरकिरत होता. आत्याबाई गणपतीला हात जोडून येते म्हणून गेल्या. मी कोपऱ्यातल्या पडद्यामागं जाऊन त्याला पदराखाली घेतलं. तो पोटभर प्याला आणि झोपला. तेवढ्यात माझंही मन इतकं निवांत झालं की सुई टोचलेली कळली नाही. सांगितल्याप्रमाणं अगदी शांत मनानं रक्त दिलं, ताणामुळं आकडा चढला असं आता कुणी म्हणू शकणार नाही. नळी बर्फात घालून मुंबईला जाते. उत्तर यायला आठवडा.

बुधवार, १६ एप्रिल

चौऱ्याण्णव. पंचवीसच्या आत हवा होता.

आत्याबाई दवाखान्यातच माझे पाय धरायला वाकल्या, मी वरच्यावर धरलं. "माझं त्वांड जळालं गं पोरी. आजारी लेकराला मी काय काय बोलले." दोघी रडलो. मी सुटले. गाडीत त्यांनी मला खिडकी दिली आणि शेंगा सोलून हातात ठेवल्या.

सुटल्याचा आनंद घरापर्यंत पुरला. मग एकटी बसले तेव्हा मॅडमचं उरलेलं बोलणं आठवलं. त्या ग्रंथीवर कधीकधी गाठ असते. गाठ वाढली तर नजर जाते. आधी गोळ्या, पुन्हा रक्त, नाही उतरलं तर डोक्याचा फोटो. मी मागितलं ते मला मिळालं. आता ते परत कसं करायचं?

शुक्रवार, २५ एप्रिल

ही गोळी घेतली की घर फिरतं. पोटात काही ठरत नाही. ते सोसेन. पण दूध आटायला लागलंय. गुंडा ओढतो, काही येत नाही, मान झटकून माझ्याकडं बघतो आणि किंचाळतो. चमचा जिभेनं बाहेर लोटतो. काल दिवसभर त्यानं काही घेतलं नाही.

मला बरं व्हायचंय. मला माझं मूल हवंय, हे खोटं नाही. पण जे अजून नाही त्याच्यासाठी हा जो आहे त्याला उपाशी ठेवू?

सोमवार, २८ एप्रिल

गोळी जिभेखाली धरते, आत्याबाई वळल्या की मोरीत. तीन दिवसांत दूध परत आलं. गुंडा हसला. पहिल्यांदा आवाज काढून हसला. मला माहीत आहे मी काय करतेय. डोक्यातली गाठ वाढवतेय. वाढू दे थोडी, तो जरा खायला लागेपर्यंत. मग घेईन सगळ्या गोळ्या.

बुधवार, २१ मे

गेल्या आठवड्यात पुन्हा रक्त दिलं होतं. याही वेळी उपाशी आणि याही वेळी शांत. गुंडाला पडद्यामागं नेलं नसतं तर त्यानं लॅब डोक्यावर घेतली असती. आज रिपोर्ट.

एकशे एकतीस.

मॅडमनी चष्मा काढला. "गोळ्या रोज घेतेस ना?" आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या म्होरं घेती." मॅडम म्हणाल्या, "गोळीवरसुद्धा चढतोय म्हणजे गाठीचाच विचार करायला हवा." मिरजेला डोक्याचा स्कॅन, मग पुण्याचे मोठे डॉक्टर. नाकातून ऑपरेशन करतात म्हणे.

घरी आले तर हे अंगणात उभे. आत्याबाईंनी तार केली होती. सगळ्या गावादेखत मी त्यांच्या बुटांजवळ बसून रडले.

शुक्रवार, २३ मे

ह्यांनी आज एक विचारलं. बाहेर गुंडा रडला, मी चहा गाळत होते, पदर ओला झाला. हे बघत होते.

"शिवू, त्यो रडला की तुजं भिजतंय. दोनदा बघितलं मी."

"काहीतरीच तुमचं. दिवसभर येतं ते."

"मॅडमला सांगू या का?"

"बायकांच्या गोष्टीत तुम्ही पडू नका," मी म्हणाले. फौजेतला माणूस बिचारा, कान लाल झाले आणि उठून गोठ्यात गेला. थोडक्यात वाचले. गुंडा थोडक्यात वाचला.

मंगळवार, २७ मे

स्कॅन झाला. बोगद्यासारख्या यंत्रात डोकं घातलं. हे बाहेर सावधान उभे होते. आत पडल्यापडल्या मी एकच म्हणत होते, देवा, डोळे घेऊ नको, त्याला दात यायचेत, ते मला बघायचेत. ठळक काही दिसत नाही म्हणाले. पण बारीक गाठ या फोटोत दिसत नाही, असंही म्हणाले. मॅडमनी पुण्याची चिठ्ठी दिली. जाण्याआधी शेवटचं एकदा रक्त.

रविवार, ८ जून

गुंडाला नेलं.

कडेगावला कुणीतरी कळवलं की हिच्या डोक्यात गाठ आहे, हिचं काही खरं नाही. लालासाहेब आणि त्यांचे थोरले बंधू नानासो जीप घेऊन आले. भांडले नाहीत, उलट फार चांगलं बोलले. "वैनी, तुमी लय केलं. आता तुमचंच बगा. पुन्याला जायाचं, आपरेशनचं. लेकराचा घोर नगो तुमाला."

हे म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं." सगळ्यांचं बरोबरच होतं. मी त्याचे कपडे बांधून दिले. आत नेऊन एकदा पाजलं. जीपमध्ये तो नानासोंच्या टोपीशी खेळत होता, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बुधवार, ११ जून

छातीचे दगड झालेत. ताप भरलाय. मोरीत उभी राहून पिळून टाकते. एवढं दूध आणि प्यायला कुणी नाही. गोळ्या आता खरंच घेतेय. घेतल्या काय आणि मोरीत टाकल्या काय, मरायला हरकत नाही असं वाटतं. हे कपाळावर पट्ट्या ठेवतात आणि म्हणतात, "घबराना नहीं." मी त्यांना शिव्या दिल्या.

शनिवार, २१ जून

आटलं. आज कितीही दाबलं तरी काही नाही. अंग हलकं झालं. पाळणा ह्यांनी माळ्यावर टाकला.

बुधवार, ९ जुलै

चौदा.

मॅडम गेल्या आठवड्यातल्या रक्ताचा कागद दोनदा वाचून हसल्या. "गोळी लागू पडली. कधीकधी उशिरा पडते." पुणे रद्द. ऑपरेशन रद्द. पाळीही गेल्या आठवड्यात आली. "आता दिवस राहायला काही आडकाठी नाही," मॅडम म्हणाल्या, आणि हे खिडकीबाहेर बघू लागले. आत्याबाई म्हणाल्या, "माझा नवस पावला."

मी कधी नव्हे तो स्वतः तोंड उघडलं. "मॅडम, ते दूध एखाद्या लेकराच्या पोटात गेलं असतं तर?"

"कुणाच्या पोटात?"

आत्याबाई हसल्या, "मांजरीच्या पिलाला घातलंस का काय?"

मॅडम पुढच्या बाईचा कागद ओढता ओढता म्हणाल्या, "आजाराचं दूध ते, कशाला कुणाला द्यायचं? गेलं ना आता? विसर."

गावात साखर वाटली. तानुबाईंनी माझी ओटी भरली. सगळे इतके आनंदात होते की मीही हसले.

सोमवार, १४ जुलै

हे गेले. जाताना म्हणाले, "आता गोड बातमीचं पत्र धाड." मी हो म्हटलं. 'आजाराचं दूध' हे मनातून जात नाही. पण तो तर माझ्यापाशी वाढत होता. मांड्या अशा होत्या की वळ्या पडायच्या. मग त्याला काही झालं नसेल. नसेलच.

रविवार, २० जुलै

सोसायटीच्या ऑफिसात कडेगावचा फोन आला. गुंडाला जुलाब. गेल्यापासूनच पोट बरं नाही, बाटलीचं दूध ठरत नाही. सलाईन लावलं होतं. आत्याबाई फोनवर ओरडून ओरडून बाटल्या उकळता का विचारत होत्या.

म्हणजे झालं ते. तीन महिने मी त्याला माझा आजार पाजला. माझ्या रक्तात चौऱ्याण्णव होतं, एकशे एकतीस होतं. आता चौदा आहे. मग बाकीचं कुठं गेलं? तो घेऊन गेला. मी बरी झाले कारण तो घेऊन गेला. तानुबाई म्हणाल्या तेच खरं, लेकरू सुकतं.

आणि गोळ्या मी मोरीत टाकल्या. घेतल्या असत्या तर तेव्हाच दूध बंद झालं असतं आणि तो वाचला असता. मी कुणाला सांगू? सांगायला माणूस नाही.

रविवार, २७ जुलै

दुपारी जीप आली. लालासाहेब एकटेच उतरले, गुंडा टॉवेलात. मी ओळखला नाही. मान काडी झाली आहे, डोळे तेवढे मोठे.

"वैनी," लालासाहेब उंबऱ्यातच बसले. "आईच्यानं हुईना. दवाखाना झाला, सलाईन झालं. जुलाब थांबलं, पन पोरगं तोंडच उगडत न्हाई. तुमच्या हातालाच लागलंय त्ये. आता तुमी बऱ्या झालाय. ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी. कायमचं ऱ्हाऊ दे. माझं काय म्हननं न्हाई, तुमचाच समजा."

आत्याबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "घे गं पोरी, घे. सुलाच आली म्हनायची."

मी घेतला. हे शब्द मी कितीदा स्वप्नात ऐकलेत, 'तुमचाच समजा'. त्यानं माझ्या गळ्यापाशी नाक घासलं, मान वळवली आणि ब्लाऊजवरनंच तोंड लावलं. ओळखलं त्यानं. एक हुंदका दिला, आणि माझ्या छातीत ती जुनी कळ उठली. महिनाभर कोरडी होते. खाली बघितलं तर डाग.

आजार परत आला. त्याला बघताच परत आला. आणि तो त्यासाठीच तोंड उघडून होता.

मला मी चांगली माहीत आहे. हा घरात राहिला तर मी त्याला पाजल्याशिवाय राहणार नाही. शपथ घातली तरी नाही, देवी आडवी आली तरी नाही. दार लोटेन आणि पाजेन. आणि तो सुकत सुकत संपेल.

पदर पुढं ओढून घेतला आणि त्याला लालासाहेबांच्या मांडीवर ठेवला.

"घेऊन जावा त्याला. माझ्याच्यानं होणार नाही."

कुणाला काही कळेना. लालासाहेब म्हणाले, "वैनी, चेष्टा करू नगासा." मग आत्याबाईंचा चेहरा तसाच झाला, भाकरीच्या दिवशी झाला होता तसा.

"आता सोताचं हुनार म्हनून दुसऱ्याचं नगो झालं व्हय गं तुला?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्या आत गेल्या, दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि बाहेर आल्या. "लालासाब, चला. मी येते त्याच्यासंगं. मी करते त्याचं." मला ओलांडून गेल्या. त्या गेल्या हे बरं झालं. त्या बाटल्या नीट उकळतील, त्यांना चमच्यानं पाजायचं माहीत आहे, मीच शिकवलंय. चमचा मी त्यांच्या पिशवीत टाकला, तो त्यांनी काढून फेकला नाही.

जीप वळेपर्यंत गुंडाचं रडणं येत होतं. तो रडत होता तोपर्यंत इकडं भिजत होतं.

मग आत येऊन ब्लाऊज बदलला. पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त द्यायला सांगलीला जायचंय. या वेळी बरोबर कुणी नाही, अर्धा तास शांत बसायला काही अडचण येणार नाही.